वऱ्हाडी मॅडम

वऱ्हाडी मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की ओटीवर थांबत नसत, थेट चुलीपाशी जाऊन बसत. मी पोशीरची, आमच्या लहानशा सरकारी विद्यापीठात प्राध्यापक झालेली गावातली पहिली मुलगी. त्या अमरावतीकडच्या, रसायनशास्त्र शिकवायला कंत्राटावर आलेल्या. तरी वर्षभरात खालापूरच्या बाजारात बायका त्यांना हाक मारून थांबवू लागल्या. मला नुसता नमस्कार करत.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा जेवल्या तेव्हा आईनं सुकटाची चटणी वाढली. "एवढीशी मासोळी अन् एवढा वास, बाप्पा!" म्हणत त्यांनी दोन भाकऱ्या संपवल्या. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला असं कधी हसवलं होतं, मला आठवेना. पुढे मी दमून घरी आले की ती आधी माझ्या मागं बघायची. "तुझी ती मॅडम नाय आली गं?"

कुणी 'जमणार नाही' म्हटलं की मॅडम मान तिरकी करून विचारत, "काहून?" आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नसत. त्या येताना दिसल्या की विभागप्रमुख चहाला निघून जात.

सुगंधा डोंगरातल्या वाडीवरची, माझ्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. दुसऱ्या वर्षी ती अचानक यायची थांबली. मी वाडीवर गेले. शिक्षण, नोकरी, पुढचं आयुष्य, सगळं तिच्या आईला तळमळीनं सांगितलं. ती "व्हय मॅडम, व्हय" करत राहिली. सुगंधा काही आली नाही.

मग मॅडम गेल्या. दिवसभर तिथंच राहिल्या आणि परतल्या त्या तडक विभागप्रमुखांकडे. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत वाडीकडची शेवटची एसटी निघून जायची. मग फाट्यापासून वाडीपर्यंत पोरगी अंधारात रानातून एकटी चालायची. आईला भीती होती ती एवढीच.

"प्रॅक्टिकल सकाळी घेऊ," मॅडम म्हणाल्या.

"नाही जमायचं."

"काहून?"

वेळापत्रक बदललं. सुगंधा परत आली, मला खरंच आनंद झाला. पण स्टाफरूमच्या दारातून आत येताना तिची नजर मला ओलांडून मॅडमना शोधत गेली. वाडी माझ्या तालुक्यातली, पोरगी माझ्या वर्गातली. माझ्यापाशी तिची आई का नाही बोलली?

पुढे मॅडमना त्यांच्या गावाकडं कायमची नोकरी लागली. विद्यापीठात कधीही पाऊल न टाकलेली माझी आई त्यांच्या निरोपाला पोह्यांची पिशवी घेऊन आली.

"आमाला इसरशील गं."

"तुले कशी विसरीन, माय?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

यंदा सुगंधाला पदवी मिळाली. मी ठेवणीतली साडी नेसून, पेढे घेऊन मांडवात उभी होते. सुगंधा आईचा हात धरून लगबगीनं माझ्याकडेच आली. मी पेढ्यांचा पुडा उघडला.

"मॅडम, आमचा एक फोटो काढा ना."

तिच्या हातातल्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालू होता. वऱ्हाडी मॅडम हसत होत्या, रडतही होत्या. सुगंधानं मोबाइल आपल्या आणि आईच्या चेहऱ्यांच्या मधोमध धरला. मी पुडा खुर्चीवर ठेवला, माझा फोन काढला आणि त्या तिघींचा फोटो घेतला.

फार छान आला.