उंच केलेली गाडी

वायोसने ती छोटी सुझुकी घेतली तेव्हा ती सगळ्या घराची गाडी होती. सकाळी तो तिच्यातून ग्रेव्हेना शहरात पाणीखात्यात कामावर जायचा आणि संध्याकाळी येताना पाव, कोंबड्यांचं खाद्य, बायकोनं सांगितलेलं सामान घेऊन यायचा. रविवारी त्याची आई, सिरमो, डोक्याला काळा रुमाल बांधून पुढच्या सीटवर बसायची आणि तो तिला चर्चपाशी सोडायचा. चारही चाकं ओढणारी गाडी, हिवाळ्यात चढावर अडायची नाही, एवढंच काय ते तिचं कौतुक.

मग एका सप्टेंबरात झिसिस त्याला अळंबी गोळा करायला जंगलात घेऊन गेला. झिसिस लाकडाचा धंदा करायचा, शाळेपासूनचा दोस्त. त्याची उंच केलेली जुनी जीप दगडांवरून सरसर चढून गेली आणि वायोसची गाडी पोटावर बसली.

"अरे, ही गाडी आहे की बदक?" झिसिस वरून ओरडला. "ढुंगण टेकलंय बघ जमिनीला!"

वायोसच्या ते जिव्हारी लागलं. तो मुळात अबोल माणूस. कामावर वरिष्ठांनी कधी पाठ थोपटली नव्हती, कधी कान उपटले नव्हते. असून नसल्यासारखा. त्या हिवाळ्यात त्यानं घरामागच्या शेडमध्ये गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि एकेक काम काढलं. लांब स्प्रिंगा घातल्या, नवे शॉकअप बसवले, जाड दातेरी टायर चढवले, पुढच्या बंपरवर तार गुंडाळणारं विंच लावलं. काळ्या हातांनी जेवायला बसलेल्या नवऱ्याच्या तोंडावर लेफ्कीला जे समाधान दिसायचं, ते तिनं लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलं होतं. म्हणून सुरुवातीला ती काही बोलली नाही.

नंतर बोलली. "मोठ्या रस्त्याला लागली की ही गाडी नुसती घोंघावते. वळणावर अशी डुलते की पोटात ढवळतं. मी नाही चालवणार."

"होईल सवय."

"मला होईल रे. तुझ्या आईला?"

वायोसला कळलं नाही. आईला काय झालं होतं? गुडघा दुखतो म्हणून दोन-चार रविवार ती चर्चला आली नव्हती, एवढंच. खरं म्हणजे पहिल्याच रविवारी सिरमोनं दाराचा दांडा धरला होता, पाय उचलून पाहिला होता आणि खाली ठेवला होता. "तू जा, मी घरीच दिवा लावते," असं म्हणून ती आत गेली होती.

लेफ्कीनं स्पष्ट सांगितल्यावर त्यानं दाराखाली लोखंडी पायरी बसवली. सिरमो चढली. पण चौकात उतरताना तिचा घागरा पायरीत अडकला, ती दाराला लोंबकळली, आणि कॉफी पीत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सिरमोबाई, शिडी आणू का?" सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर मात्र ती त्या गाडीत बसली नाही.

"मग काय, सगळं काढून टाकू?" वायोस बायकोवर चिडला.

"मी कुठं म्हटलं काढ म्हणून?"

विषय तिथंच राहिला. रोज कामावर जाताना त्याला ते आठवायचं आणि रोज तो स्वतःची समजूत घालायचा, की डोंगरातलं घर आहे, एखाद्या दिवशी हीच गाडी उपयोगी पडेल. तेव्हा कळेल सगळ्यांना.

तो दिवस नोव्हेंबरात आला. पावसाची झड लागली होती. वरच्या गावातून, सिरमोच्या माहेराहून, तिची भाची पोलिक्सेनी हिचा फोन आला. आई गेली, म्हणाली. पोलिक्सेनीची आई म्हणजे आगोरो, सिरमोची धाकटी बहीण. ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. पाद्री वरच अडकला होता, तेव्हा दुपारी माती द्यायचं ठरलं होतं. ज्यांना येता येईल ते येतील.

वायोस फोन ठेवून बाहेर आला तर सिरमो काळा कोट घालून गाडीपाशी उभी होती.

"चल," ती म्हणाली.

त्यानं तिला उचलून सीटवर ठेवलं. ती इतकी हलकी झालेली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिनं मान दुसरीकडे फिरवली होती.

ओढ्यापर्यंत गाडीनं कसलीच कुरकूर केली नाही. चिखल, पडलेले दगड, खचलेली कड, सगळ्यावरून ती गेली. वायोसच्या छातीत भीती होती तसा अभिमानही होता. काठाला थांबून तो उतरला आणि काठी टेकत पाण्यात शिरला. पाणी गुडघ्याच्या वर, मातकट. तळाशी दगड गडगडत होते, त्यांचा आवाज ऐकू येत होता. याहून खोल पाण्यातून तो उन्हाळ्यात झिसिसबरोबर गेला होता. पण ते पाणी वाहतं नव्हतं, आणि तेव्हा शेजारी आई नव्हती.

"काय बघत बसलास? घाल गाडी."

"पाणी फार आहे, आई."

"याच्यासाठीच उंच केलीस ना?"

त्यानं गाडी पाण्यात घातली. पुढची चाकं तळाला लागली, पाणी बंपरवर चढलं आणि गाडीचा मागचा भाग हलकेच बाजूला सरकला. अगदी थोडासा. वायोसनं श्वास रोखून गाडी मागे घेतली.

"थांबू या," सिरमो म्हणाली. "उतरेल पाणी."

"तू थरथरतेयस. परत जाऊ."

"मी थांबते म्हणतेय ना?"

"आई, नको."

त्यानं गाडी वळवली. अंगणात त्यानं तिला खाली ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याहून लहान होती ती."

अंधार पडता पडता झिसिस आला, चिखलानं माखलेला. तो दोन माणसांना आणि फुलांचं चक्र घेऊन वर जाऊन आला होता.

"पाणी उतरलं होतं रे. जरा थांबला असतास तर..." मग वायोसच्या तोंडाकडे पाहून त्यानं वाक्य बदललं. "पण म्हातारीला घेऊन मीसुद्धा गेलो नसतो."

हे खरं, की बरं वाटावं म्हणून म्हटलेलं, ते वायोसला ओळखता आलं नाही. पुढे कितीतरी दिवस तो तेच घोळवत राहिला. परत फिरलो ते शहाणपण होतं की भ्यालो? आईसाठी भ्यालो की गाडीसाठी? झोपेतही त्याला तळाचे दगड ऐकू यायचे.

आगोरोच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी त्यानं शेडमध्ये पुन्हा गाडी ठोकळ्यांवर चढवली. कंपनीच्या स्प्रिंगा परत घातल्या, जुने टायर लावले, पायरी काढली.

सिरमोनं पाहिलं आणि ती भडकली. "हे कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुला चढता यावं म्हणून."

"आता? आता मला घाई कसली आहे? आणि उद्या वर पोलिक्सेनीला काही झालं तर कशानं जाशील, माझ्या काठीवर बसून?"

तरी चाळिसाव्याला ती आपली आपण गाडीत बसली. ओढ्यात सिमेंटचे नळे टाकून रस्ता भरला होता, कुणाचीही गाडी जात होती. तिथं वायोसचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"चल रे," ती म्हणाली. "थांबू नकोस."

विधी झाल्यावर सगळे चर्चशेजारच्या खोलीत कॉफी आणि कोन्याक ब्रँडी घ्यायला बसले. मृताच्या नावानं केलेला उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला. पोलिक्सेनी सिरमोचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, आम्ही वाट पाहिली गं तुझी. पाद्र्यालाही जरा थांबा म्हटलं."

टेबलाच्या टोकाला बसलेला पोलिक्सेनीचा म्हातारा चुलता वायोसकडे पाहून हसला. "एवढी राक्षसासारखी चाकं लावलीस म्हणे. काय, धुवायला नेली होतीस ओढ्यावर?"

वायोसचे कान तापले. तो काही बोलायच्या आत सिरमोनं कप खाली ठेवला.

"तो आणतच होता मला," ती म्हणाली. "पाण्यात घातली होती गाडी. मीच घाबरले. मीच म्हटलं, फिर मागे. तो तर थांबू या म्हणत होता."

वायोसनं तोंड उघडलं, पण तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं ते मिटलं. चुलत्यानं पुटपुटत आणखी कोन्याक ओतून घेतली. पोलिक्सेनीनं मावशीचा हात सोडला नाही, पण तिची पकड जरा सैल झाल्यासारखं वायोसला वाटलं. आपल्या आईला माती द्यायला निघालेली मावशी भिऊन वाटेतूनच परत गेली, असं आता तिला कायमचं वाटत राहणार होतं.

गाडी डोंगर उतरू लागली. वायोस म्हणाला, "आई, असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? चारचौघांत तुझं हसं होऊ देऊ?"

"पण आता पोलिक्सेनीला वाटेल..."

"वाटू दे. मी किती दिवसांची." ती काचेबाहेर पाहत राहिली. "लोकांना काय सांगायचं ते मी सांगितलं. तुझं तुला काय सांगायचं ते तू बघ."

आईनं शिव्या घातल्या असत्या, तर वायोसला बरं वाटलं असतं.

घर आलं. लेफ्की दारात आली. "कसं झालं सगळं?"

"झालं," गाडीतून उतरत सिरमो म्हणाली. "गहू जरा कच्चा राहिला होता."