आमच्या मजल्यावरची पाहुणी

दार सताड उघडं असलं तरी ती बेल वाजवायची आणि कोणी ‘ये’ म्हणेपर्यंत पायपुसण्यावर उभी राहायची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी एकही दार बंद नसायचं. आम्ही पोरं कोणाच्याही घरात घुसायचो, पाणी प्यायचो आणि पुन्हा पळायचो. त्यामुळे आईबाबांबरोबर अमेरिकेतून परतलेल्या, माझ्याच वयाच्या ह्या नव्या शेजारणीचं नाव आम्ही ‘पाहुणी’ ठेवलं.

“अगं, दार उघडंच आहे ना? ये की आत!” माझी आई रोज ओरडायची.

“पण काकू, तुम्ही बिझी असाल तर?” पाहुणी विचारायची. आईला हसावं की रडावं कळायचं नाही.

वर्षभरात इथे करमलं नाही तर परत जायचं, असा शब्द तिच्या बाबांनी तिला दिला होता. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. मला ती फार आवडायला लागली होती, त्यामुळे मी आतून धास्तावलेलीच असे.

मग तिचा वाढदिवस आला. तिने मोजक्या मैत्रिणींना स्वतः रंगवलेली आमंत्रणं दिली, प्रत्येकीच्या नावाची भेटीची पिशवी भरली. पण आमच्याकडे वाढदिवस म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा. धाकटी भावंडं, कडेवरची बाळं, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळे हजर! पाहुणी बाथरूमला कडी लावून बसली.

“ह्यांना मी बोलावलंच नव्हतं!” आतून हुंदके.

“म्हणून काय आम्ही यायचं नाही?” आई बाहेरून म्हणाली. “तुझा वाढदिवस म्हणजे आमचाच की गं!”

तोवर कोणी उपमा आणला, कोणी सरबत. केकचे अगदी पातळ तुकडे झाले. शेवटी पाहुणी डोळे पुसत बाहेर आली आणि तिने माझ्या नावाची पिशवी सरळ आजोबांच्या हातात ठेवली. मी भयंकर चिडले होते.

त्यानंतर मात्र ती मोकळी झाली. आमच्याकडेच जेवायची, वर “काकू, आज पण दुधी? वाट लागली ना यार!” म्हणून आईशी भांडायची. वर्ष उलटलं तरी तिने परत जायचं नाव काढलं नाही. करमलं नव्हतं ते तिच्या बाबांना.

निघायच्या दिवशी गाडीभोवती सगळी सोसायटी जमली. मला तर रडू आवरेना. पाहुणीने आईचा हात घट्ट धरला.

“काकू, तिकडे संध्याकाळी मी कोणाकडे जाऊ?”

 आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.