आत्याबाईंची खुर्ची

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि घरात मला कुणी काही विचारत नसे. त्यामुळे त्यांच्यासाठी खुर्ची कोणती आणायची यावर जे रणकंदन झालं त्यात माझं मत कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तरी मी चुकीचंच सांगितलं असतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

झटका डाव्या बाजूला आला होता. तोंड किंचित वाकडं झालं, पण वाचा शाबूत राहिली. पहिले चार दिवस त्या गुंगीत होत्या. मी चमच्यानं पेज भरवत होते. पाचव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातली वाटी पाहिली आणि विचारलं, "पूजेबिगर मला खायला घातलंस व्हय गं?"

आमचं घर लिंगायतांचं. सकाळी अंघोळ, मग आपल्या गळ्यातल्या लिंगाची पूजा, आणि मगच तोंडात घास. लहानपणापासून आत्याबाईंनी यात एक दिवस खाडा केला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी अन्न बंद केलं. डॉक्टरांच्या पुडीबरोबर वाटीभर दूध तेवढं घेत. दूध औषधातच मोडतं, असा निवाडा त्यांचा त्यांनीच दिला होता.

"न्हाणीत बसून अंगावर पाणी घेतल्याबिगर पूजा न्हाय, अन् पूजेबिगर भाकर न्हाय," त्या म्हणाल्या. ओल्या फडक्यानं अंग पुसणं म्हणजे त्यांच्या लेखी अंघोळ नव्हतीच.

न्हाणी मागच्या अंगणात होती. मंगळवार पेठेतलं आमचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागं एक खोल्यांचं. मध्ये तीन दारं आणि तीन उंबरे. मुलांनी उचलून न्यायचं म्हटलं की त्या उजव्या हातानं खाट घट्ट धरत. "मी काय ज्वारीचं पोतं हाय?" दोन्ही मुलं धान्याच्या दुकानातली, त्यामुळे ते दोघांनाही चांगलंच झोंबलं.

दहाव्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनी बरगड्यांवरून बोटं फिरवली आणि माझ्या यजमानांना बाहेर नेऊन सांगितलं, "झटक्यानं नाही जाणार त्या. उपाशीपोटी जातील. फार तर पंधरा दिवस."

मग खुर्चीची धावपळ सुरू झाली. दिरांनी आधी बुटकी चाकं लावलेली फळी सुचवली. आत्याबाई म्हणाल्या, "देवळाफुडं बसीव की मग मला, वाटी घेऊन." दिरांनी फळीचं पुन्हा नाव काढलं नाही. यजमानांना कळलं की रेल्वेचा एक साहेब विलायतेला परत चाललाय आणि त्याच्या सामानात चाकाची खुर्ची आहे. तीन फूट उंच चाकं, वेताची पाठ, पाय ठेवायला पितळी पट्टी. टांग्यावर बांधून ती आणली तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली. पहिल्याच दारात ती चार बोटं अडकली. दारांची मापं दिरांनी घेतली होती, पण ती भिंतीपासून भिंतीपर्यंत. चौकटीची जाडी ते विसरले होते. यजमान म्हणाले, चौकट तासू. आत्याबाई खाटेवरून ओरडल्या, "ब्याडा! दाराला हात लावायचा न्हाय!" कानडीत नकार आला की घरात पुढं कुणी बोलत नसे.

शेवटी यजमान गावाच्या पूर्वभागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या, एका तेलुगू सुताराला घेऊन आले. तो हातमाग बनवायचा. बोलणं कमी, कानावर पेन्सिल, गळ्यात सुताची दोरी. प्रत्येक चौकटीला दोरी लावून त्यानं गाठी मारल्या. चार दिवसांत खुर्ची आली. अरुंद, सागवानी, चाकं गिरणीच्या भंगारातली. उंबऱ्यांच्या दोन्ही बाजूंना त्यानं उतरत्या फळ्या बसवल्या होत्या. चाक सरळ वर चढून पलीकडं उतरलं.

त्या सकाळी मी आत्याबाईंना न्हाणीत नेऊन त्यांच्या डोक्यावरून ऊन पाणी घातलं. किती दिवसांनी! त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला रडू आलं. मग त्यांना पूजेच्या खोलीत नेलं, पाणी, भस्म, बेल उजव्या हाताशी ठेवलं आणि त्यांच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दार ओढून घेतलं. बाहेर मी तव्यावर भाकरी टाकली. यजमान दुकान सोडून थांबले होते. गिरणीचा आठाचा भोंगा झाला. आतून हाक आली.

"पूजा झाली न्हाय. खुर्ची उंच हाय."

खुर्चीचे पाय दोन बोटं कापले. दुसऱ्या दिवशी, "हलतीया." चाकांखाली पाचरी घातल्या. तिसऱ्या दिवशी, "आज मन लागंना." भाकरी रोज गार होत होती. त्यांच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांचे पंधरा दिवस मी बोटांवर मोजत होते आणि त्यांतले पाच उरले होते.

चौथ्या दिवशी दार उघडून पाहते तर बेल तसाच, भस्म तसंच. माझा तोल गेला. गल्लीत आधीच कुजबुज होती, सून सासूला नीट बघत नाही म्हणून. मी दारातूनच ओरडले, "असलं काय पाप केलंय तुम्ही, म्हणून उपाशी मरायला बसलाय? आमच्या तोंडाला काळं फासून जायचंय का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्यांचा भडिमार होणार. पण त्यांनी नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या संध्याकाळी त्यांनी दूधही परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी यजमान सुताराला जवळजवळ ओढतच घेऊन आले. खुर्चीत खोट आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. सुतारानं खुर्ची हलवून पाहिली, खाली वाकून पाहिली. मग तो आत्याबाईंसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"अम्मा, या खुर्चीत बसून तुमी काय काम करनार?"

"काम कसलं? पूजा."

"हात दाखवा. मी माग बनवतो तवा मानूस किती उंच ते बघत न्हाय. हात काय करतात ते बघतो."

आत्याबाईंनी उजवा हात पुढं केला.

"दुसरा?"

दुसरा हात पदराखाली होता. तो बाहेर येईना.  मी सुताराच्या मागून त्या पदराकडे बघत राहिले, आणि तेव्हा कुठं मला कळलं.

आमची पूजा डाव्या हातावर होते. लिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचं. मी स्वतः रोज सकाळी हेच करत होते. यजमान करत होते, दीर करत होते. घरातली सगळी माणसं रोज डावा हात समोर धरून बसत होती आणि आम्ही इतके दिवस पायांसाठी चाकं शोधत होतो. माझी मलाच इतकी चीड आली की मी ओठ चावला. आणि एकाचं लिंग दुसऱ्यानं हातात घ्यायचं नसतं, त्यामुळे मदत तरी कुणाची मागायची?

मी पुढं झाले, खाली बसले आणि विचारलं, "आत्याबाई, तळवा उताणा राहत न्हाय व्हय?"

त्यांनी मानेनंच होय म्हटलं. एवढंच.

सुतारानं आणखी काही विचारलं नाही. दोरीनं कोपरापासून बोटांपर्यंत माप घेतलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच एक फळी घेऊन आला. ती खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी बसायची. डाव्या बाजूला त्यानं लाकूड कोरून हाताच्या आकाराचा खळगा केला होता, कडा उचललेल्या, आत मऊ सुती कापड. मनगटाशी एक रुंद पट्टी. आत्याबाईंचा हात मी त्यात ठेवला, बोटं एकेक करून उघडली, पट्टी आवळली. तळवा वाटीसारखा वर बघत राहिला.

मी नेहमीसारखी दाराकडे निघाले. "थांब," त्या म्हणाल्या. "हितंच बस."

उजव्या हातानं त्यांनी गळ्यातली चांदीची डबी उघडली. लिंग तळव्यावर ठेवलं आणि हळूच बोटं सोडली. ते राहिलं. हललं नाही. पाणी वाहिलं, भस्म लावलं, बेल ठेवला. वेळ किती गेला कळलं नाही. डबी पुन्हा मिटली तेव्हा मी भाकरी आणायला उठले. त्यांनी माझा पदर धरला.

"शुद्धीवर आले त्या दिशी, तू पाण्याला गेलतीस तवा, मी खाटंवरच पूजेला घेतलं हुतं. हातातून पडलं. मांडीवर पडलं, भुईवर न्हाय. पर पडलंच की. कुनाला सांगू? परत घ्यायचं लई भ्या वाटायचं. अन् परवा तू इचारलंस, काय पाप केलंय म्हून. मला वाटलं, हिनं बघितलं हुतं."

मला तोंड वर करता येईना. भाकरी दुधात कुस्करली आणि ताटली त्यांच्या उजव्या हाताशी सरकवली. त्या जेवायला लागल्या. डावा हात अजून फळीच्या खळग्यात उताणाच होता. मी त्याच्यावर माझा हात ठेवला आणि ताटली रिकामी होईपर्यंत तो काढला नाही.