तिघांची बूट कंपनी, भिंतीवर दोघंच

२००६ च्या उन्हाळ्यात लाँग वीकएंडला आम्ही सांता क्लाराहून निघालो ते माझ्या हट्टापायी. माझा धाकटा भाऊ केतन लॉस एंजलिसच्या दक्षिणेला एम.एस. करत होता, तेव्हा त्याने रिक आणि टॉड या मित्रांबरोबर स्केटबोर्डिंगचे बूट बनवायला सुरुवात केली होती. आता ते बूट मॉलमॉलमध्ये दिसतात. एका बड्या कंपनीने सगळं विकत घेऊन तिथेच नवं मुख्यालय बांधलं आणि लोकांना बघायला खुलं केलं.

"ताई, कशाला उगाच?" केतन म्हणाला. मी मोटेल बुक करून टाकलं.

तुम्ही जाणार असाल तर पहाटे निघा आणि पाच नंबरचा हायवे धरा. समुद्राकाठचा रस्ता देखणा, पण अख्खा दिवस खातो. गुरांच्या प्रचंड गोठ्यांपाशी काचा वर ठेवा. वाटेत बर्गरखेरीज काही मिळत नाही, म्हणून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. शेवटच्या चढावर एसी बंद करा, गाडी तापते.

दशमी खाता खाता केतन खुलला. बोर्ड पायाने हवेत उडवताना बुटाची बाजू घासते आणि बघता बघता फाटते. नेमक्या तिथे आतून चामड्याचा दुसरा थर शिवायची कल्पना त्याची. तिघं गाडीच्या डिकीतून, स्केट पार्कच्या बाहेर विकायचे. मग दुकानं मागायला लागली. केतन स्टुडंट व्हिसावर, धंदा करायची परवानगी नाही, म्हणून कागदोपत्री त्याचं नाव नव्हतं. "नंतर घालू यार," असं ठरलं होतं. ते नंतर कधी आलंच नाही.

मुख्यालय म्हणजे नुसती काच. गाइड मुलगी हसतमुखाने सांगत होती, "दोन मित्र आणि एक स्वप्न!" भिंतभर फोटो होता: उघडी डिकी, रिक, टॉड. आणि रिकच्या खांद्यावर एक हात. त्यापुढे फोटो कापलेला.

"तो माझा हात," केतन पुटपुटला.

माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने विचारलं, हा हात कोणाचा? मुलगी गोंधळली, तिने आतल्या ऑफिसातून रिकलाच बोलावलं. त्याने केतनला मिठी मारली.

"फोटो का कापलास?" मी विचारलं.

"लीगलवाल्यांनी सांगितलं. लोकांना दोन फाउंडर लक्षात राहतात, तीन नाही."

"आणि तुझ्या लक्षात किती राहिले?"

तो केतनकडे वळला. "तुझा साइज काय? एक जोडी घेऊन जा ना."

माझ्या तोंडून अस्सल नागपुरी शिवी बाहेर पडली. केतनने मला कोपराला धरून बाहेर काढलं.

बाहेर गुळगुळीत अंगणात गार्ड दोन मुलींना हाकलत होता. इथे स्केटबोर्डिंगला बंदी होती! आता केतनच ओरडला, "अरे, त्यांच्या पायात आमचे बूट आहेत!"

"रूल आहे, सर," गार्ड म्हणाला.

परतताना केतन ड्राइव्ह करत होता, मी बडबडत होते. सहलीचं काय उरलं म्हणाल, तर घरी येऊन चार आठवडे झाले तरी तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. घाट बघा, समुद्र बघा. त्या इमारतीत पाऊल टाकू नका.

हे सगळं काल केतनला वाचून दाखवलं.

"सोलचं रबर रिकने शोधलं होतं, ताई. शिवणारा कारागीर टॉडने आणला. तेही लिही."

लिहिलं.