पस्तीस मिनिटांचा केक

घड्याळकाकांच्या घरात भिंतीवर घड्याळ एकच होतं आणि तेही बंद पडलेलं. त्याला किल्ली द्यायची कोणाला गरज वाटली नव्हती. "मी आहे ना," काका म्हणायचे. आणि ते खरोखरच होते. मुलांच्या नाचाच्या वर्गात ते सव्वीस वर्षं पियानो वाजवत होते आणि या सव्वीस वर्षांत त्यांचा ठेका केसभरही हलला नव्हता. वर्ग चालवणाऱ्या ताई म्हणायच्या, काकांना ताप आला तर तोसुद्धा तालातच चढतो आणि तालातच उतरतो.

दिसायला काका म्हणजे चालतं-बोलतं लग्नाचं आमंत्रण. दोन रंगांचे बूट, अंगापेक्षा दोन मापं मोठा कोट आणि गळ्यात बो. असे बो त्यांच्याकडे एकेचाळीस होते. ठिपक्यांचे, पट्ट्यांचे, एक जुन्या पडद्याचा आणि एक काकूंच्या फाटक्या छत्रीतून कापलेला. छत्रीचा बो ते फक्त ढगाळ दिवशी घालत. "माणूस रस्त्यात दिसला की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आज काहीतरी आहे," असं त्यांचं म्हणणं. आज काही नसायचं. मंगळवार असायचा.

गाण्यांच्या चालीही त्यांना अशाच कुठेही सापडत. एकदा स्वयंपाकघरातला नळ तीन-तीनच्या ठेक्यात गळायला लागला. काकांनी त्यावरून नाचाची एक धून बांधली आणि ती पुरी होईपर्यंत प्लंबरला घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. धून पुरी व्हायला चार महिने लागले. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली. ते भांडायला वर आले, तर काकांनी त्यांना बसवून ती धून ऐकवली. ते आणखीच चिडले.

काकूंना मुलं केककाकू म्हणायची. दर शनिवारी वर्गाला त्यांचा केक जायचा आणि त्यावर त्या आठवड्यातल्या बोची नक्षी असायची. ठिपक्यांचा बो असेल तर ठिपके, पट्ट्यांचा असेल तर पट्टे. "आज काकांची मान खायची आहे," म्हणत मुलं तुटून पडायची आणि मधल्या गाठीसाठी मारामाऱ्या व्हायच्या. मारामारीत नेहमी जिंकायची ती मिरची. वय वर्षं सात, समोरचे दोन दात गायब, आणि उडी अशी मारायची की ताईंना वाटायचं, ही आता काही खाली येत नाही.

पण केकची खरी गंमत त्याच्या वेळेत होती. काकूंच्या ओव्हनचा टायमर फार पूर्वीच तुटला होता. काका मात्र दर शुक्रवारी दुपारी शनिवारच्या वर्गातलं सगळं वादन घरी एकदा वाजवून बघायचे. चालण्याचं, उड्यांचं, नळाचं, धावण्याचं आणि शेवटी वाकून अभिवादन करण्याचं. पस्तीस मिनिटं. पहिला सूर वाजला की काकू केक आत ठेवायच्या आणि शेवटचा सूर वाजला की बाहेर काढायच्या. केक प्रत्येक वेळी सोन्यासारखा. सव्वीस वर्षं नवरा वाजवतोय आणि बायको भाजतेय, असा संसार.

मग केक करपायला लागले.

आधी कडा काळ्या झाल्या. काकूंनी मैदा बदलला. मग तळ काळा झाला. काकूंनी अंडीवाल्याला नाही नाही ते ऐकवलं आणि सतरा वर्षांचे संबंध तोडले. भांडं बदललं, लोणी बदललं, ओव्हनमधला खणही बदलून बघितला. नक्षीखाली करपलेलं लपतं, म्हणून क्रीमचा थर चढत गेला. मुलं खूश झाली. शेवटी एका शुक्रवारी केक असा निघाला की काकूंनी तो सुरीने ठोकून बघितला. त्याचा आवाज आला. काकूंनी ओव्हन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.

तो आला, ओव्हनमध्ये अर्धा शिरला, तापमान मोजलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "काकू, याला काहीही झालेलं नाही. हा तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग केक का करपतो?"

"ठेवता किती वेळ?"

काकूंनी सांगितलं. तो हसला. म्हणाला, इतकी वर्षं हे काम करतोय, पण पियानोवर चालणारा ओव्हन आजच बघितला. बाहेरच्या खोलीत काका बाकावर बसून बोटं मोडत होते. तो म्हणाला, "ठेवा बरं केक. बघू या."

काकांनी वाजवायला सुरुवात केली. काकूंनी केक आत ठेवला. ओव्हनवाल्याने चहा घेतला, मान डोलावली, वाहवा केली. थोड्या वेळाने त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पुढे त्याने मान डोलावणं सोडलं. काकांनी शेवटचा सूर दाबला तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. ओव्हनवाला काकूंच्या जवळ आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "शेहेचाळीस मिनिटं." मग अवजारांची पेटी आवरत, खाली मान घालून म्हणाला, "ओव्हन नाही काकू."

बाहेरून काकांचा आवाज आला. "काय म्हणतो गं तो? सापडलं का दुखणं?"

"सापडलं," काकू म्हणाल्या. "तार सैल झाली होती. केली घट्ट."

त्या दिवसापासून काकूंच्या एप्रनच्या खिशात एक मनगटी घड्याळ आलं. पस्तीसाव्या मिनिटाला, काकांची नळाची धून अजून चालू असताना, त्या केक गुपचूप बाहेर काढायच्या आणि फडक्याखाली झाकून ठेवायच्या. पुढची अकरा मिनिटं रिकाम्या ओव्हनसमोर उभ्या राहायच्या. शेवटचा सूर वाजला की ओव्हनचं दार मोठ्याने उघडायच्या आणि मोठ्याने लावायच्या.

"झाला?" काका विचारायचे.

"झाला."

"बघ. म्हणालो नव्हतो? वेळ चुकूच शकत नाही. यंत्रंच चुकतात."

कशाचं तरी निमित्त काढून काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काकांना बोटं उघडमीट करायला लावली, खोलीत चालायला लावलं. मेंदूत काहीतरी कमी पडतंय म्हणाले, हालचाली मंदावतील म्हणाले. गोळ्या दिल्या. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "हात मंदावले असतील. शक्य आहे, वय झालं. पण ठेका हातात थोडाच असतो?" आणि दुसऱ्या दिवशी ते दुकानातून इलॅस्टिकचा तयार बो घेऊन आले. हल्ली गाठ मारायची फॅशन गेली, असं त्यांनी काकूंना समजावून सांगितलं. काकूंनी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.

मग त्या ताईंकडे गेल्या. कसं सांगावं याची वाटेत दहा वेळा उजळणी केली होती. ताईंनी त्यांना पहिलं वाक्यसुद्धा पूर्ण करू दिलं नाही.

"मला माहीत आहे, काकू. वर्ष होऊन गेलं."

वर्षभर ताई नाच बदलत होत्या. धावायच्या जागी चालणं बसवलं, चालायच्या जागी उभं राहून हात हलवणं. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात ससे होते, त्यांचे हंस करून टाकले. पालक म्हणाले, काय संथ, काय सुंदर. काका त्या दिवशी घरी येऊन दोन तास त्याच कौतुकात होते.

"पण आता हंससुद्धा जमेनात," ताई म्हणाल्या. "हात हळू हलवता येतो हो. उडी कशी हळू मारणार? वर गेलेलं पोर पियानोची वाट बघत हवेत थांबत नाही. मिरची दोनदा तोंडावर आपटली. काकांना सांगायला हवं."

"नको."

"काकू, कधीतरी कळणारच ना."

"सव्वीस वर्षं त्या माणसाला लोक घड्याळ म्हणतात," काकू म्हणाल्या. "ते काढून घेतलं तर उरतं काय? कोट आणि बूट. एवढा कार्यक्रम होऊ दे. मग मी सांगते. माझं मी सांगते."

ताई कबूल झाल्या. मग दोघींनी मिळून बेत केला. मुलांनी यंदा पियानो ऐकायचा नाही. ताई पडद्याच्या आडोशाला उभ्या राहून बोटांनी मोजतील, मुलांनी त्या बोटांकडे बघून नाचायचं. नाच आधी संपेल, हे उघडच होतं. तर मग वाजणं संपेपर्यंत मुलांनी वाकून अभिवादन करत राहायचं. कार्यक्रमाचं वादन वर्गातल्यापेक्षा छोटं होतं, त्यामुळे तीन वेळा पुरेल, असा ताईंनी हिशोब केला होता. तालीम त्यांच्या घरी झाली, काकांशिवाय. बेत तसा चोख होता. दोन शहाण्या बायकांनी प्रेमापोटी केलेले बेत चोखच असतात.

कार्यक्रम दुपारी होता. काकांनी गाठीचा, ठिपक्यांचा बो काढला आणि काकूंपुढे मान केली. "आज तू बांध. आज फॅशन नको." काकूंनी बांधला. गाठ तीन वेळा सुटली. काका म्हणाले, "तुझेही हात गेले की काय?" आणि आपल्याच विनोदावर खूश झाले.

नाच फार चांगला झाला. मुलांनी ताईंच्या बोटांवरची नजर हलू दिली नाही. मिरचीने मारलेली उडी बघून पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या तोंडून शीळ निघाली. पियानो आपल्या वाटेने येत होता, नाच आपल्या वाटेने चालला होता. काका नेहमीप्रमाणे पट्ट्यांवर वाकून होते. त्यांना कधी वर बघायची गरज पडली नव्हती.

नाच संपला. मुलांनी वाकून अभिवादन केलं. टाळ्या पडल्या. पियानो नळाच्या धुनेपर्यंत आला होता.

मुलं दुसऱ्यांदा वाकली, तिसऱ्यांदा वाकली. ताईंनी आडून आणखी एकदा वाका अशी खूण केली. चौथ्यांदा वाकली. पाचव्या वेळी मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. सहाव्या वेळी अख्खं सभागृह हसत होतं आणि एका मुलाचा मुकुट घरंगळत खाली प्रेक्षकांत गेला. तो आणायला मुलगा उतरला, त्याच्यामागे आणखी दोघं. मिरचीने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा पियानोकडे पाहिलं आणि सरळ चालू लागली. बाकीची मुलं तिच्यामागे गेली.

हसण्याचा आवाज ऐकून काकांनी मान वर केली. रंगमंच रिकामा होता.

ते थांबले नाहीत. रिकाम्या फळ्यांकडे बघत त्यांनी धून पूर्ण केली, धावण्याचं वाजवलं, अभिवादनाचं वाजवलं. एकही सूर चुकला नाही. लोक आधी हसायचे थांबले, मग कुजबुजायचे थांबले. काकू तिसऱ्या रांगेत बसून आपल्या पर्सचा पट्टा पिळत होत्या.

मागच्या खोलीत काका आले ते हसतच. "काय रे पोरांनो, एवढी कसली घाई? बस सुटत होती?"

"आम्ही नाही घाई केली," मिरची म्हणाली. "तुम्ही हळू वाजवता. ताई म्हणाल्या, पियानो ऐकायचा नाही. माझ्या बोटांकडे बघायचं."

"मिरची," ताई म्हणाल्या.

"बोलू दे तिला. आज खोलीत तीच एकटी तालात आहे." काकांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, ते काढून ठेवायचं राहून गेलं होतं. "कधीपासून गं, ताई?"

ताईंनी काकूंकडे पाहिलं. काकांनी ती नजर जाताना पाहिली आणि तिच्यामागोमाग वळून तेही काकूंकडे बघत राहिले.

घरी दोघं चालतच निघाली. पहिल्या चौकात काकांनी विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"ओव्हनवाला आला होता, तेव्हा."

"तार सैल झाली होती म्हणालीस."

"हो."

"म्हणजे त्यानंतरचे सगळे केक..."

"हो."

"आणि गेल्या वर्षीचे हंस?"

काकूंनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"लोक मला येऊन म्हणाले, काय संथ, काय सुंदर. मी दोन तास तुला तेच सांगत होतो. तू ऐकत होतीस."

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं हो. हंसांचं मला नंतर कळलं."

"बरं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंनी त्याचं काय करायचं ते केलं असतं. संसाराच्या तेहतीस वर्षांत त्यांनी काकांचे सगळे राग बघितले होते. "मला आतून ते बरोबरच वाटतं गं. आज पण बरोबर वाटलं. आता काय बरोबर आहे, ते मी कुणाला विचारायचं?"

"मला विचारा."

काका थांबले. दोन पिशव्या घेतलेली एक बाई त्यांच्या बाजूने पुढे गेली. काठी टेकत एक म्हातारा आला, तोही पुढे गेला. काका त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"आत्ता आपण कसे चालत होतो?"

"नेहमीसारखे" हा शब्द काकूंच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. "हळू," त्या म्हणाल्या.

"किती हळू?"

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. पण किती, ते त्यांना सांगता येईना. गेलं वर्षभर त्या काकांच्याच पावलाने चालत होत्या. भाजी आणायला एकट्या गेल्या तरी तशाच. मूळचं चालणं कसं होतं, हे आठवायला त्यांनी एक पाऊल टाकून बघितलं, मग दुसरं. आठवेना.

"राहू दे," काका म्हणाले.

दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती.