बुजगावण्याचं गाणं आणि घोटावड्याचं लग्न

समस्त रसिकजनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ज्या घटनेमुळे मराठी संगीताच्या इतिहासाला कोणतेही वळण लागले नाही, ती घटना घोटावड्याजवळच्या एका लॉन्सवर, भर लग्नात, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास घडली. तिचा एकमेव नायक मी. खलनायक माईक. माईक एकच होता आणि तो माझा नव्हता.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या आसपासची. मी हिंजवडीत एका कंपनीत संगणकासमोर बसायचो आणि मारुंजीत एका शेतकऱ्याच्या चाळवजा इमारतीत भाड्याने राहायचो. त्याआधी आमचा चौघांचा बँड होता. जात्यावरच्या ओवीच्या चाली घ्यायच्या आणि त्यांच्याखाली इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम लावायचे, असा आमचा उद्योग. मग एकजण अमेरिकेला गेला, एकाचं लग्न ठरलं आणि ड्रमवाल्याने कंपनीच्या कँटीनमध्ये डोशाचा तुकडा चटणीत बुडवत सांगितलं, "आता बास करू या रे." मी म्हणालो, "बरं."

इथे मला ऊर बडवायला फार आवडलं असतं. मी तसा नाटकी माणूस आहे, संधी सोडत नाही. पण खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि मग गाल आपलाच असूनही आपला वाटत नाही, तसं मला सगळीकडेच झालं होतं. पगारवाढ झाली, बरं. घरून फोन आला, बरं. एकदा चहाने जीभ चांगली भाजली, तेव्हाही मी कपाकडे बघत बसलो होतो.

अशा अवस्थेत गाणं सुचू नये, पण सुचलं. खिडकीतून घरमालकांचं शेत दिसायचं. त्यातल्या बुजगावण्याला एके दिवशी माझ्याच कंपनीचा टी-शर्ट घातलेला दिसला. मी टाकून दिलेला. छातीवर ठळक अक्षरांत "उत्कृष्ट कर्मचारी". त्या शेताच्या निम्म्या भागात प्लॉटच्या खुणांचे दगड रोवलेले होते आणि हा उत्कृष्ट कर्मचारी हात पसरून त्यांची राखण करत होता. "माझ्या शर्टात तू उभा, तुझ्या जागी मी", ही ओळ ओवीच्या चालीतच आली. तीन कडवी झाली. बाकी कोणी नव्हतंच, तेव्हा एकट्यानेच गायचं ठरवलं.

आणि मी स्वतःला एक अट घातली. हे गाणं अनोळखी माणसांसमोर, एकट्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गायचं. जमलं तर सोमवारी राजीनामा आणि पुढे गाणंच. नाही जमलं तर गिटार विकायची आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. एवढं ठरवतानाही छातीत धडधडलं नाही, हे मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं होतं.

संधी घरमालकांनी दिली. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं होतं.

"सायेब, लग्नात तुमी गायाचं," आबा म्हणाले.

"आबा, माझी गाणी लग्नातली नाहीत."

"आवो, बँड हाय, ढोल हाय, ते समद्यांच्याच लग्नात असतंय. सोताचा गिटारवाला भाडेकरू कुनाच्या लग्नात हाय, दावा बरं!"

मी म्हणालो, "बरं."

लॉन्सवर पोहोचलो तेव्हा स्टेजवर माईक धरून गुरुजी उभे होते. प्राथमिक शाळेत शिकवायचे, पण पंचक्रोशीत ख्याती निवेदक म्हणून. आमच्या भागातली पद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाचं माईकवरून नाव घेऊन स्वागत करतात. कमानीपाशी पाहुण्याला फेटा बांधतात, तिथून नावाची चिठ्ठी स्टेजवर येते, निवेदक ती वाचतो आणि मग पाहुणा मांडवात पाऊल टाकतो. नाव राहिलं तर तो माणूस पुढची दोन वर्षं त्या घरचं पाणी पीत नाही. मुहूर्त चुकला तरी चालतो.

गुरुजींनी मोठ्या मनाने माईक माझ्यासमोरच्या स्टँडवर लावून दिला. मी पहिली ओळ गायली. दुसरीच्या मध्यावर खांद्यावर हात पडला.

"क्षमस्व," म्हणत गुरुजींनी माईक ओढला. "भरे गावचे प्रगतशील बागायतदार यांचे शुभमंडपात आगमन झालेले आहे! त्यांचे मनःपूर्वक स्वागत!" मग माईक परत स्टँडवर. "हां, चालू द्या तुमचं."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. अट अटच होती. या वेळी पहिल्या कडव्यापर्यंत गेलो आणि दूध डेअरीचे संचालक आले. तिसऱ्या वेळी पोलीस पाटील सहकुटुंब आले. समोरच्या खुर्चीतली एक आजी शेजारणीला म्हणाली, "येवडी एकच वळ येतीया वाटतं त्याला."

"येत असंल दुसरी," शेजारीण म्हणाली. "लाजतंय बिचारं."

मला ना राग आला, ना हसू. बोटं तारांवर होती आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी मी त्यांच्याकडे बघत होतो.

तेवढ्यात आबा धावत आले. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबली होती आणि तिथल्या स्वागताला गुरुजीच हवे होते. गुरुजींनी माईक माझ्या हातात कोंबला.

"चिठ्ठी आली की नाव घ्यायचं," ते म्हणाले. "तवर वाजवा काय वाजवायचं ते."

पहिल्या दोन चिठ्ठ्या मी इमानाने वाचल्या. नवरीचा चुलता कमानीपासून त्या आणून द्यायचा. मग क्षणभर कोणी आलं नाही. मी माईक स्टँडवर अडकवला, डोळे मिटले आणि गायला लागलो.

पहिलं कडवं झालं. कोणी खांद्यावर हात ठेवला नाही. दुसरं झालं. खरं तर तोवर नवरीच्या चुलत्याने पंधरा-वीस चिठ्ठ्या माझ्या पायाशी ठेवल्या होत्या, पण ते मला नंतर कळलं. तिसऱ्या कडव्यात मांडवातला गलकाही उतरला. शेवटची ओळ मी दोनदा गायली, कारण मला थांबवणारं कोणी नव्हतं, आणि डोळे उघडले.

कमानीखाली तीस-चाळीस माणसं उभी होती. सगळ्यांना गुलाबी फेटे. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. कोणी हलत नव्हतं, बोलत नव्हतं, आत येत नव्हतं. मागे रस्त्यापर्यंत गाड्या थांबल्या होत्या. माझ्या गाण्यासाठी इतकी माणसं पाऊल पुढे न टाकता खिळून राहिली आहेत, असं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलं नाही. आनंद झाला का? नाही. पण तारेने कापलेलं करंगळीशेजारचं बोट ठसठसायला लागलं होतं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी दुखत होतं आणि मी ते बोट दाबून दाबून खात्री करत होतो.

नोकरीचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण यापुढे मला ते सांगता येणार नाही. सोमवारी मी राजीनामा दिला. गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत झालं होतं, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात काय असावं याविषयी अटीत एक अक्षरही नव्हतं. पुढची काही वर्षं कॉलेजांच्या अंगणांत, हॉटेलांच्या गच्च्यांवर, एकदा तर कुक्कुटपालकांच्या मेळाव्यात मी एकटा गात राहिलो. त्या निर्णयाचं बळ कुठून आलं असं कोणी विचारलं, की मी त्या गुलाबी फेट्यांचं वर्णन करतो आणि तिथेच थांबतो.

आज थांबत नाही. त्या गर्दीत सर्वांत पुढे एक उंच, पिकल्या मिशांचे माजी सरपंच उभे होते. ते आधी माझ्याकडे, मग माझ्या पायाशी पडलेल्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"झालं का रं बाबा तुजं? मग घे की आमची नावं, पाय मोडलं हितं उबं ऱ्हाऊन!"