दोन माणसं राहिली

रत्नागिरीत आमच्या वाचनालयाने नगरकवी नेमायची टूम काढली, तेव्हा पहिली शाल मोहल्ल्यातल्या एका शिंप्याला मिळाली आणि दुसरी मला. मी एसटीच्या चौकशी खिडकीत नोकरी काढलेला माणूस. गाडी कधी लागेल हे मला कधीच नक्की सांगता आलं नाही, पण ओळीतली अक्षरं मोजण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्याचा मला माज होता. आता लिहायला लाज वाटते, पण होता.

तिसरी नगरकवी झाली मिरकरवाडा बंदरावरची एक मासेविक्रेती. सगळं बंदर तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणायचो. तिला अक्षरओळख नव्हती. एखादी नौका बुडाली आणि शोध थांबला, की दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या आधी ती जेटीवर उभी राहायची आणि गेलेल्यांचं गाणं म्हणायची. एकेकाचं नाव, त्याचं गाव, त्याच्या आईचं नाव, त्याला काय खायला आवडायचं ते. एकदाच म्हणायची. कुणी मोबाइल वर केला की खेकसायची, "गेलेल्याला त्या डबीत कोंडू नुको!" मोबाइल गपचूप खाली यायचे. नौका चालवणारा बुरोंडीचा तांडेल असो की नेपाळचा खलाशी, गाण्यात सगळ्यांना सारखीच जागा. नेपाळी खलाशांना बाकीचं बंदर 'ए नेपाळी' एवढीच हाक मारायचं. मासळी घेताघेता त्यांची नावं विचारून ती लक्षात ठेवणारी मावशी एकटीच.

आमच्याकडे रीत अशी, की पायउतार होणाऱ्या नगरकवीने नव्याचं पुस्तक तयार करून द्यायचं. शिंप्याने माझं करून दिलं होतं, एका शब्दालाही हात न लावता. मी वही घेऊन मावशीच्या ओट्यावर बसलो. ती सुकी मासळी निवडत होती.

"मी सांगतंय तसाच लिव हां, भाऊ. तुजा काय घालू नुको."

"नाही हो मावशी."

लिहून घेतलं तेव्हा खरंच तसंच घेतलं. घरी आल्यावर मात्र राहवेना. तिच्या ओळी लांबायच्या, तुटायच्या, मध्येच कुणाच्या तरी आईशी बोलायला लागायच्या. मी त्या आठ अक्षरांत बसवायला घेतल्या. केळशीचे तिघे बसले, बुरोंडीचा तांडेल बसला. आदल्या वर्षी बुडालेल्या नौकेवरचे दोन नेपाळी खलाशी तेवढे बसेनात. नावं लांब, गावांची नावं त्याहून लांब. तीन दिवस झटलो आणि शेवटी लिहिलं, 'आणि दोघे परदेशी'. बरोब्बर आठ. त्या आनंदात बायकोकडे दुसरा चहा मागितल्याचं मला आठवतं. पक्की प्रत झाली आणि कच्ची वही रद्दीत गेली.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. तिच्या कविता मीच वाचल्या, ती शाल पांघरून खुर्चीत बसली होती. टाळ्या भरपूर पडल्या. कार्यक्रम संपल्यावर तिने माझी बाही धरली.

"भाऊ, दोन मान्सा र्‍हायली."

"पुढच्या आवृत्तीत घेऊ, मावशी."

आमच्या गावात कवितेच्या पुस्तकाला पुढची आवृत्ती नसते हे मला पक्कं ठाऊक होतं. तिने बाही सोडली. पुढच्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली.

यंदा आंब्याच्या मोसमात एक नेपाळी माणूस पत्ता विचारत माझ्या घरी आला. पावसच्या एका बागेत राखणीला होता. हातात मावशीचं पुस्तक. मोडक्या मराठीत त्याने सांगितलं, की त्याचा धाकटा भाऊ इथे बंदरावर कामाला होता. तीन वर्षं फोन लागत नाही. त्या बुडालेल्या नौकेचा मालक म्हणतो, तुझा भाऊ माझ्या नौकेवर नव्हताच. कुणी आजारी खलाशी उतरला आणि त्याच्या जागी तो ऐन वेळी चढला, असं ऐकू येतं, पण कागद कुठेच नाही. आई म्हणते, पोरगा मुंबईत आहे. ती दिवस करू देत नाही. बंदरावर कुणीतरी त्याला सांगितलं होतं, मावशीने जेटीवर सगळ्यांची नावं घेतली, ती पुस्तकात आहेत.

तो पुस्तक उघडून वाचू लागला. त्याच्या भाषेची अक्षरं हीच. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेला आणि 'परदेशी'वर थांबला.

"इथे आधी काय होतं?"

"नावं होती. दोन."

त्याने भावाचं नाव सांगितलं. "हेच होतं ना?"

असेलही. मी जीव तोडून आठवू लागलो. ते नाव लांब होतं, याखेरीज मला काही आठवेना.

मी त्याला मावशीकडे नेलं. खाटेजवळ बसून त्याने तिच्या कानाशी ते नाव दोनदा घेतलं. तिच्या एका डोळ्यातून पाणी आलं. तो लहान पोरासारखा माझ्याकडे बघू लागला. तेवढ्यात मावशीची सून म्हणाली, "त्या डोळ्यातना सारखाच येता पानी. कोनी आला तरी, नाय आला तरी."

बाहेर आल्यावर त्याने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तुम्ही लिहा इथे. तुम्ही कवी आहात." मी 'परदेशी' खोडलं आणि वर नाव लिहिलं. त्याने ते वाचलं.

"आठवलं म्हणून लिहिलं, की मी सांगितलं म्हणून?"

मी पेन त्याला परत दिलं.

त्याने पुस्तक मिटून माझ्या हातात ठेवलं. "आई हेच विचारेल," म्हणाला, आणि बंदराच्या रस्त्याने चालू लागला.